आधी कोण जाणार?

१९९७-९८ चा सुमार धरू. पुण्यातल्या मुख्य कचेरीने रत्नागिरीच्या शाखेला मोडेमवरून फोन लावला आहे. एसटीडीचा मीटर पळतो आहे, म्हणून त्याच एका कॉलमध्ये दोन कामे उरकायची आहेत. शाखेचा दिवसभराचा हिशेब संगणकावरून पुण्याला यायचा आहे, आणि तो येत असतानाच शाखाधिकाऱ्याला पुण्याच्या साहेबांशी बोलायचेही आहे. मोडेम सेकंदाला ३३,६०० बिट नेतो. माणसाचे बोलणे आवळून बसवले तर सेकंदाला ८,००० बिटांत मावते. म्हणजे बोलण्याने लाइनचा चौथा हिस्साही व्यापलेला नाही. तरी हिशेबाची फाइल निघाली की आवाज अडखळू लागतो. अर्धे शब्द गळतात, आणि ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ यातच बोलणे संपते.

जागा शिल्लक असताना हे का व्हावे? सुचणारे पहिले उत्तर ‘लाइन छोटी आहे’ असते, आणि त्यावरचा पहिला उपाय ‘मोठी लाइन घ्या’ हा असतो. दोन्ही पूर्ण खोटे नाहीत, पण मुद्दा त्यात नाही. आवाजाला जागा थोडी लागते, पण ती ठरल्या क्षणी लागते. डेटाला कितीही जागा दिली तरी तो वापरून टाकतो, पण थांबायला त्याची हरकत नसते. एकाला वेळ हवी, दुसऱ्याला जागा. त्यामुळे दोघांना एका लाइनवर नांदवायचे तर कोणाला किती द्यायचे हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न, आधी कोण जाणार?

लाइन मुळात किती मोठी होती, ते आधी पाहू. टेलिफोनची वाट बोलण्यापुरतीच बांधलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच कंपने ती पुढे सोडते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की कोणत्याही वाटेची माहिती नेण्याची मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: कंपनांचा पट्टा किती रुंद आहे आणि गोंगाटाच्या मानाने संदेश किती ठळक आहे. संदेशाची ताकद गोंगाटाच्या तीन हजार पट धरली, तर ३,१०० हर्ट्झच्या वाटेतून सेकंदाला ३६ हजार बिटांच्या आसपास जाऊ शकतात. मोडेमची सारी वाटचाल या कुंपणाकडे सरकत गेली. १९६२ च्या बेल १०३ ने ३०० बिट नेले. व्ही.३२ ने १९८४ मध्ये ९,६०० गाठले, व्ही.३४ ने १९९४ मध्ये २८,८०० आणि दोन वर्षांनी ३३,६००. १९९८ च्या व्ही.९० ने ५६ हजारांची भाषा केली, पण एक्स्चेंजपासून पलीकडची बाजू थेट डिजिटल असेल तरच, आणि तीही ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेपुरती. ग्राहकाकडून जाणारी वाट ३३,६०० वरच राहिली. दोन साध्या टेलिफोनांवर मोडेम लावून जोडलेल्या आपल्या कचेऱ्यांना तर दोन्ही दिशांना ३३,६०० हीच कमाल, आणि कोकणातल्या पावसाळी लाइनवर त्याहूनही कमी.

टेलिफोन एक्स्चेंज एका बोलण्यासाठी सेकंदाला ६४ हजार बिट राखून ठेवते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडायचा, असा तो हिशेब. पुढे कोडेक आले. माणसाचा गळा कसकसे आवाज काढू शकतो याचे गणित वापरून ते तेच बोलणे आवळतात. १९९६ मध्ये प्रमाणित झालेला जी.७२९ हा कोडेक दर १० मिलिसेकंदांच्या बोलण्यातून १० बाइटांची एक चौकट काढतो, म्हणजे सेकंदाला ८,००० बिट. जी.७२३.१ तर ५,३०० बिटांपर्यंत खाली येतो. म्हणून जी लाइन एका आवाजासाठी बांधली, तिच्यातच मोडेम बसवून आवाज आणि वर डेटाही पाठवण्याचा विचार करता आला.

आवाजाचा आणखी एक गुण असा, की तो बराच वेळ गप्प असतो. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, आणि बोलणाराही मधूनमधून थांबतो. अटलांटिकखालून जाणारी टॅट-१ ही टेलिफोन केबल १९५६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ३६ वाटा होत्या. १९६० मध्ये तिच्यावर अशी यंत्रणा बसवली, की एकाने श्वास घेतला की त्याची वाट दुसऱ्याला द्यायची. त्याच तारेवरून जवळपास दुप्पट संभाषणे जाऊ लागली. मोडेमच्या लिंकवरही हेच करता येते. शांतता पाठवायची नाही, त्या क्षणी लाइन डेटाला द्यायची.

हे झाले आवाजाचे साधेपण. त्याचा हट्ट एकच, उशीर चालत नाही. तोंडातून निघालेला शब्द पलीकडच्या कानात साधारण १५० मिलिसेकंदांत पोचावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. त्यापुढे उशीर वाढत गेला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. एखादी चौकट हरवली तर फारसे बिघडत नाही. कान ते खिंडार भरून काढतो. पण उशिरा आलेली चौकट हरवल्यासारखीच असते, कारण तिची जागा वाक्यातून निघून गेलेली असते. तिला पुन्हा मागवण्यात अर्थ नाही.

डेटाचे नेमके उलटे. हिशेबातला एक आकडाही हरवून चालत नाही, पण दोन मिनिटे उशीर झाला तर कोणाचे अडत नाही. मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेतून १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूयूनेटशी ९,६०० बिटांची लिंक जोडली गेली. देशभरातल्या शिक्षणसंस्थांची परदेशी ईमेल त्या एवढ्याशा वाटेने जात असे, कारण ईमेलला थांबता येते. ती मधल्या संगणकावर मुक्काम करते आणि वाट मोकळी झाली की पुढे निघते.

मात्र डेटाच्या या सोशिकपणाला एक दुसरी बाजू आहे. फाइल पाठवणारा टीसीपी हा नियम आपल्याला किती जागा मिळेल हे आधी विचारत नाही, अजमावत जातो. पाठवण्याचा वेग वाढवत न्यायचा, आणि पॅकेटे, म्हणजे डेटाचे गठ्ठे, गळू लागली की मागे यायचे. म्हणजे रांग भरेपर्यंत तो थांबत नाही. त्याला मोठी लाइन द्या, तो तीही भरतो. म्हणून ‘मोठी लाइन घ्या’ हा उपाय एकटा पुरत नाही.

आता रत्नागिरीच्या राउटरपाशी, म्हणजे पॅकेटे लाइनवर सोडणाऱ्या यंत्रापाशी, काय घडते ते पाहू. फाइलचे पॅकेट १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिट. ३३,६०० च्या लाइनवर ते पूर्ण बाहेर पडायला ३५७ मिलिसेकंद लागतात. आवाजाचे छोटे पॅकेट मात्र दर २० मिलिसेकंदांनी तयार होते. फाइलचे एक पॅकेट लाइनवर चढले, की ते उतरेपर्यंत आवाजाची सतरा-अठरा पॅकेटे मागे साचतात. मग ती एकदम सुटतात, पुन्हा अडतात. सेकंदाची सरासरी काढली तर आवाजाला त्याचे ८,००० बिट मिळालेले दिसतात. पण सरासरी कोणाला ऐकू येत नाही. ऐकू येते ते ३५७ मिलिसेकंदांचे भगदाड.

यावर पहिली युक्ती अग्रक्रमाची. राउटरमध्ये दोन रांगा करायच्या, आवाजाची आणि डेटाची. आवाजाच्या रांगेत काही असेपर्यंत डेटाकडे बघायचे नाही. हे केले तरी आवाज तुटतो, आणि इथे अनेकजण चक्रावतात. कोकण रेल्वेने नेहमी जाणाऱ्याला याचे कारण लगेच कळेल. मार्ग बहुतांशी एकेरी. ट्रक लादलेली लांबलचक रो-रो गाडी सावर्ड्याहून आरवलीकडे निघाली, की मागून मांडवी एक्स्प्रेस आली काय आणि कोणी मंत्री आला काय, तो टप्पा मोकळा होईपर्यंत सिग्नल मिळत नाही. अग्रक्रम फक्त स्टेशनात चालतो. एकदा टप्प्यात शिरलेल्या गाडीला कोणी मागे ओढत नाही. राउटरचेही तसेच. पुढचे पॅकेट कोणते हे तो ठरवू शकतो, पण लाइनवर चढलेले पॅकेट उतरवू शकत नाही. म्हणून आवाजाला किती थांबावे लागेल हे अग्रक्रमापेक्षा समोरच्या पॅकेटच्या लांबीवर ठरते.

मालगाडीचे डबे वाटेत सुटे करता येत नाहीत, पॅकेटचे मात्र तुकडे करता येतात. पीपीपी या जोडणीच्या नियमात अनेक लिंक एकत्र बांधण्यासाठी पॅकेट चिरून वाटायची सोय होती. लिंक एकच असली तरी ती सोय वापरता येते, हे लोकांच्या ध्यानात आले. फाइलचे पॅकेट ८० बाइटांच्या तुकड्यांत चिरायचे आणि दोन तुकड्यांच्या मधून आवाजाचे पॅकेट सोडायचे. ८० बाइटांचा तुकडा १९ मिलिसेकंदांत बाहेर पडतो. थांबण्याची कमाल मुदत ३५७ वरून १९ वर आली. लाइन तेवढीच, डेटा तेवढाच, आवाज तेवढाच. बदलला तो क्रम बदलण्याच्या संधींचा हिशेब. आधी सेकंदाला जेमतेम तीन वेळा ‘आता कोण?’ हा प्रश्न विचारता येत होता, आता पन्नासहून अधिक वेळा विचारता येतो.

हे फुकट होत नाही. प्रत्येक तुकड्याला आपला क्रमांक आणि पत्ता वागवावा लागतो. लाइनचा दहाएक टक्के भाग त्यात जातो. फाइल थोडी उशिरा पोचते. पण उशीर सोसणे डेटाला जमतेच. जागा खर्चून वेळ विकत घेतली, असा हा व्यवहार.

उलट दिशेचा व्यवहारही असतो. आवाजाच्या २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये बोलणे असते २० बाइटांचे, आणि त्याच्यावर आयपी, यूडीपी, आरटीपी या तीन नियमांचे हेडर असतात ४० बाइटांचे. मालापेक्षा वेष्टन दुप्पट. सेकंदाला ५० पॅकेटे धरली तर ८,००० बिटांचे बोलणे २४,००० बिट खाते आणि आपला ‘चौथा हिस्सा’ सत्तर टक्क्यांवर जातो. एका पॅकेटात ४० मिलिसेकंदांचे बोलणे भरले तर खर्च १६,००० वर येतो, पण पॅकेट भरण्यातच आणखी २० मिलिसेकंद जातात. इथे वेळ खर्चून जागा विकत घेतली. अशा वेळी कोणत्या चलनाची चणचण आहे ते आधी ओळखावे लागते.

याहून चांगली तोड हेडर आवळण्याची निघाली. एका संभाषणात हेडरमधला बहुतेक मजकूर पॅकेटागणिक तोच असतो. तो एकदा सांगितला की पुढे फक्त बदल कळवायचा. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये संथ लाइनींवरच्या टीसीपीसाठी ही रीत घालून दिली. १९९९ मध्ये कॅसनर आणि जेकबसन यांनी ती आवाजाच्या पॅकेटांनाही लावली. ४० बाइट दोन ते चार बाइटांवर आले आणि एका बोलण्याचा खर्च पुन्हा साडेनऊ हजार बिटांच्या आसपास आला.

आता वेळेची बेरीज करू. कोडेकला आणि पॅकेट भरायला २५ मिलिसेकंद. समोरच्या तुकड्याची वाट पाहण्यात जास्तीत जास्त १९. स्वतः लाइनवर चढायला सहाएक. मोडेमच्या जोडीच्या आतल्या कामात साधारण पन्नास. पलीकडे पॅकेटे पुन्हा समान अंतराने वाजवण्यासाठी ठेवलेला बफर ४०. सगळे मिळून १४०. दीडशेच्या आत आलो, पण अगदी काठावर. यात कुठेही एक न चिरलेले पॅकेट घुसले, तर हिशेब कोसळतो.

आणि असा उशीर मोडेममधूनही घुसू शकतो. मोडेम व्ही.४२ नियमाने चुका दुरुस्त करतात, म्हणजे खराब झालेली चौकट पुन्हा मागवतात. डेटासाठी हे वरदान, आवाजासाठी ताप, कारण एका चौकटीची दुरुस्ती होईपर्यंत तिच्या मागचे सगळे तिष्ठत राहते. त्यातून मोडेमचा स्वतःचा बफर असतोच. राउटरने पाळी कितीही नीट लावली तरी पुढे त्या बफरात पुन्हा रांग लागते, आणि ती कोणाच्याच ताब्यात नसते. म्हणून राउटरने मोडेमला झेपेल तेवढेच द्यायचे, रांग आपल्याकडे ठेवायची. पाळी जिथे लावता येते तिथेच गर्दी झाली पाहिजे.

मोडेम बनवणाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या पातळीवरही सोडवून पाहिला. आवाज आणि डेटा एकाच कॉलवर नेणारी डीएसव्हीडी ही पद्धत १९९६ मध्ये व्ही.७० या नावाने प्रमाणित झाली, आणि जी.७२९ ची हलकी आवृत्ती तिलाच डोळ्यांपुढे ठेवून बनवली गेली. तिच्यात डेटाच्या चौकटींना दुरुस्ती आहे, आवाजाच्या चौकटींना नाही. शिवाय डेटाची चौकट अर्ध्यात थांबवून मधे आवाज सोडण्याची मुभाही नियमात ठेवली होती. दोघांना समान वागवणे हा इथे न्याय ठरत नाही. एकाच्या स्वभावाला जे पोषक, ते दुसऱ्याला मारक असते.

आता शाखेतून आणखी एकाला बोलायचे आहे. साडेनऊ हजार अधिक साडेनऊ हजार, अजून जागा उरते. तिसऱ्याने फोन उचलला तर? बोलण्यांचा आकडा २८,००० च्या पुढे जाईल, डेटाला काहीच उरणार नाही, आणि लाइन जरा खराब होऊन वेग उतरला की तिघांचेही आवाज तुटतील. म्हणून तिसऱ्याला एंगेज टोन द्यायचा. हे कठोर वाटते, पण टेलिफोनवाल्यांची ही जुनी, विचार करून घातलेली चाल आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून याचेच गणित मांडले: इतके लोक, इतकी बोलणी, तर किती लाइनी ठेवल्या म्हणजे किती जणांना नकार द्यावा लागेल. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हा निरोप ऐकून आपण वैतागायचो. पण ज्याला लाइन मिळाली, त्याचे बोलणे त्या निरोपामुळेच शाबूत राहत होते.

डेटाच्या जगाची चाल वेगळी. तिथे कोणाला नाही म्हणत नाहीत, सगळ्यांना घेतात आणि सगळ्यांना थोडे थोडे हळू करतात. हळू होणे ज्याला सोसते, त्याला हा कारभार उदार वाटतो. ज्याला सोसत नाही, त्याची त्यात दाणादाण उडते. मिश्र लिंक चालवायची म्हणजे या दोन्ही चाली एका घरात पाळायच्या: आवाजाला आधी परवानगी आणि मग अग्रक्रम, डेटाला मुक्तद्वार आणि मग धीर. परवानगीशिवाय अग्रक्रम दिला तर आवाज डेटाला उपाशी मारतो. अग्रक्रमाशिवाय परवानगी दिली तर ती कागदावरच राहते.

दुसरा मोडेम जोडून लाइन दुप्पट करता येते. राउटर भार वाढला की आपोआप दुसरा कॉल लावतो आणि भार ओसरला की तोडतो. पण दोन मोडेमांची ती कर्कश ओळख-परेड आटोपायला अर्धा मिनिट सहज जाते. फाइल अर्धा मिनिट थांबेल, शब्द थांबणार नाही. म्हणून गरजेनुसार वाढणारी जागा ही डेटाची सोय समजावी. आवाजाचा हिशेब आत्ता हातात आहे तेवढ्याच लाइनवर करावा.

हे सारे आपल्या टोकाचे झाले. पुण्याहून रत्नागिरीला येणाऱ्या पॅकेटांची पाळी पुण्यातच लागते. आपण फक्त जे पाठवतो त्याचा क्रम लावू शकतो, येणाऱ्याचा नाही. दोन कचेऱ्या एकाच मालकाच्या असतील तर दोन्ही टोके नीट लावता येतात. इंटरनेटच्या ग्राहकाला ती सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर कित्येक वर्षे घरी मोडेम लागला की फोन एंगेज, हाच नियम होता. २००० च्या व्ही.९२ मध्ये फोन आला तर मोडेमला थोडा वेळ थांबवून ठेवायची सोय आली. मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने घडवलेल्या कॉर्डेक्ट या बिनतारी यंत्रणेने बोलणे आणि ३५ किलोबिटांचे इंटरनेट एकाच वेळी देण्याची वाट काढली. तिच्यात आवाजाला रांगेतच उभे राहावे लागत नसे, त्याची जागा राखीव असे. आणि इंटरनेटवरून परदेशी फोन लावायला भारतात कायद्याची मुभा मिळाली ती १ एप्रिल २००२ ला.

आज १०० मेगाबिटांच्या लाइनवर १,५०० बाइटांचे पॅकेट ०.१२ मिलिसेकंदात निघून जाते. चिरण्याची गरज उरली नाही. पण घरात कोणी फोटो चढवायला घेतले की व्हिडिओ कॉल गोठतो, ही तक्रार गेली नाही. कारण मेमरी स्वस्त झाली आणि राउटरांतले बफर फुगले. सेकंदाला एक मेगाबिट पाठवणाऱ्या लाइनवर १२८ किलोबाइटांचा बफर भरला, तर शेवटच्या पॅकेटाला एक सेकंद थांबावे लागते. टीसीपी तो भरतोच, कारण पॅकेट गळेपर्यंत थांबायचे त्याला ठाऊक नाही. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधले. त्यावरच्या कोडेल या उपायावर कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत काम करणारे व्हॅन जेकबसन म्हणजे हेडर आवळणारेच जेकबसन. कोडेल रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले ते मोजतो आणि थांबणे वाढत चालले की पाठवणाऱ्याला आवर घालतो. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देण्याची जोड मिळून ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली.

तेव्हा लिंक कुरकुर करू लागली की ती किती टक्के भरली आहे हा आलेख आधी पाहू नये. सरासरी वीस टक्के दाखवणाऱ्या लाइनवरही आवाज मरू शकतो, आणि पंचाण्णव टक्के भरलेल्या लाइनवर तो सुखरूप जाऊ शकतो. ज्याला घाई होती, तो कोणाच्या मागे, किती मिलिसेकंद उभा राहिला, हे आधी मोजावे. त्याचे उत्तर हाती आले की कुठले पॅकेट चिरायचे, कुठला बफर आवरायचा आणि कुठल्या तिसऱ्या कॉलला नकार द्यायचा, ते ठरवता येते. एवढे करूनही भागले नाही, तर मग मोठ्या लाइनीचा अर्ज भरावा.